जुन्या सायकलची मूठ

सायकलवर बसलेल्या मनुष्याचा आपल्या यंत्राशीं तीन ठिकाणीं संबंध येतो : बैठकीशीं, पायडलाशीं आणि हॅण्डलच्या मुठींशीं. बैठक फाटली तर ती टोंचते, पायडल मोडलें तर गाडी चालत नाहीं. म्हणून या दोहोंची आपण विचारपूस करतों. मुठी मात्र झिजल्या काय किंवा फाटल्या काय, गाडी चालतच राहते. त्यामुळें त्यांच्याकडे कोणी पाहत नाहीं, आणि गाडी रंगवावयास टाकली म्हणजे ज्या वस्तु सर्वांत आधीं उकिरड्यावर जातात त्यांत मुठी असतात. आज मी या उपेक्षित मुठींविषयीं बोलणार आहे. जुन्या सायकलला कोणत्या काळची मूठ शोभते, ती कशी ओळखावी, आणि ओळखल्यावरहि तिच्यावरून काय सिद्ध होतें व काय होत नाहीं, एवढाच माझा विषय आहे. विषय लहान आहे हें मला कबूल आहे. परंतु त्यांत माझी स्वतःची एक चूक गुंतलेली असल्यामुळें तो मला लहान वाटत नाहीं.

आमच्या घरीं एक जुनी सायकल आहे. ती आजोबांनीं घेतली. त्यांच्यामागें वडिलांनीं ती तीस वर्षें वापरली. वडील प्राथमिक शाळेंत शिक्षक होते, आणि तापीकांठच्या आमच्या गांवाहून शेजारच्या गांवच्या शाळेंत ते तिच्यावरूनच जात. घरांत एक कथा चालत आलेली आहे कीं, १९३६ च्या डिसेंबरांत फैजपूरला काँग्रेसचें अधिवेशन भरलें, तेव्हां आजोबा याच सायकलवरून तेथें गेले होते. खेड्यांत भरलेलें काँग्रेसचें तें पहिलेंच अधिवेशन. पंडित जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते, नंदलाल बोस यांनीं बांबूसारख्या साध्या, खेड्यांत मिळणाऱ्या साहित्यानें अधिवेशनाचें नगर सजविलें होतें, आणि खानदेशांतील माणसें मिळेल त्या वाहनानें तिकडे लोटलीं होतीं. मी स्वतः छत्तीस वर्षें शिक्षक होतों. हा धडा आला म्हणजे आजोबांच्या सायकलची गोष्ट मीं मुलांना सांगितली नाहीं, असें एकहि वर्ष गेलें नाहीं.

निवृत्तीनंतर कांहीं वर्षांनीं जिल्ह्यांतील एका शाळेनें जुन्या वस्तूंचें प्रदर्शन भरविण्याचें ठरविलें आणि आमची सायकल मागितली. पाटीवरचा मजकूरहि त्यांनींच सुचविला : 'फैजपूर अधिवेशनास गेलेली सायकल, १९३६. सर्व भाग मूळचे.' मला धन्यता वाटली. गाडी जरा नीटनेटकी दिसावी म्हणून मीं ती एका दुकानांत दिली. परत आली तेव्हां ती चकचकीत काळी झाली होती, आणि उजव्या हाताला तांबड्या प्लॅस्टिकची कोरी मूठ बसविलेली होती. डावी मूठ घट्ट चिकटल्यामुळें निघाली नव्हती. तिच्या कडेवरून रंगाचा कुंचला तसाच फिरला होता. "ही उद्यां कापून काढतों," असें दुकानदार म्हणाला. उजवी मूठ कोठें आहे, असें मीं विचारलें. ती कचऱ्यांत गेली होती. दोष त्याचा नव्हता. मुठी जपावयाच्या असतात हें मीं त्याला सांगितलें नव्हतें, कारण तें मलाच कोठें ठाऊक होतें ?

डावी मूठ मीं कापूं दिली नाहीं. माझी मुलगी धुळ्यास असते. तिच्याकडे जातांना मीं हॅण्डल सोडवून बरोबर घेतलें. एस. टी.च्या गाडींत मांडीवर सायकलचें हॅण्डल घेऊन बसलेला म्हातारा पाहून लोक हंसले असतील, तर त्यांत त्यांचें चुकलें नाहीं. धुळ्यास आग्रा रोडवर एक वृद्ध कारागीर सायकली दुरुस्त करीत असत. त्यांनीं ती मूठ अंगठ्यानें दाबली, तिचा वास घेतला आणि आपल्या अहिराणींत म्हणाले, "गुरुजी, हाई मूठ मूळनी नई शे." ही मूठ मूळची नाहीं ! माझ्या डोळ्यांपुढें ती पाटी उभी राहिली. मूठ मूळची नाहीं, तर सायकल तरी मूळची कशावरून ? आणि सायकलच मागाहूनची असेल, तर फैजपूरचें काय ? मुलांना मीं इतकीं वर्षें सांगितलें तें काय ? त्या दिवसापासून मी मुठींच्या मागें लागलों.

मुठींचा इतिहास हा मुख्यतः पदार्थांचा इतिहास आहे. पुढचें चाक छातीइतकें उंच आणि मागचें टीचभर, अशा ज्या सायकली १८७० ते १८८५ च्या सुमारास विलायतेंत चालत, त्यांच्या मुठी जनावराच्या शिंगाच्या, कठीण लांकडाच्या किंवा एबोनाइटच्या असत. एबोनाइट म्हणजे गंधक घालून फार वेळ भाजलेलें कठीण रबर. आपल्या वडीलमंडळींच्या जुन्या फौंटनपेनांचीं नळकांडीं त्याचींच असत, आणि उन्हांत राहून तीं काळ्याचीं तपकिरी-हिरवट होत, हें पुष्कळांनीं पाहिलें असेल. जुन्या एबोनाइटच्या मुठीचा रंगहि तसाच उतरतो.

१८८५ सालीं इंग्लंडांतील कॉव्हेंट्री येथें जॉन केम्प स्टार्ले यांनीं 'रोव्हर' सायकल काढली. तिचीं दोन्हीं चाकें जवळजवळ सारखीं होतीं व मागचें चाक सांखळीनें फिरे. आजची सायकल ती हीच. १८८८ सालीं डनलॉप यांनीं हवेची धांव काढली, आणि सायकल ही धाडसी तरुणांच्या हातून सामान्य गृहस्थाच्या हातीं आली. योगायोग असा कीं, त्याच १८८८ सालीं लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं बेळगांवीं सायकलींचें दुकान काढल्याचें त्यांच्या उद्योगाच्या इतिहासांत सांगतात. पुढें नांगर आणि पंप यांनीं गाजलेल्या त्या मराठी कारखानदारीचा उगम असा सायकलच्या दुकानांत आहे.

सायकलला सामान्य गिऱ्हाईक मिळालें तेव्हां मुठीलाहि नवा विचार मिळाला. लांब पल्ल्यावर शिंगाची मूठ हाताला कठीण लागते व घामानें निसटते. म्हणून १८९० नंतरच्या दशकांत बुचाच्या मुठी फार आवडत्या झाल्या. बाटलीला जें बूच लावतात त्याच झाडाच्या सालीचे हे तुकडे असत. ते हलके, मऊ, घाम शोषणारे आणि थंडींत हाताला गार न लागणारे असत. अशा मुठींच्या टोंकांना बहुधा धातूचें किंवा सेल्युलॉइडचें कडें असे. कारण बूच कडेला लवकर झडतें.

आतां सेल्युलॉइड. या पदार्थाकडे खानदेशच्या माणसानें आपुलकीनें पाहावें, कारण तो कापूस आणि कापूर यांपासून होतो. कापसावर नत्राम्लाची क्रिया करून जो पदार्थ मिळतो, त्यांत कापूर मिसळला म्हणजे ऊन असतांना कणकेसारखा वळणारा आणि थंड झाल्यावर शिंगासारखा कडक होणारा गोळा तयार होतो. अमेरिकेंत हायट यांनीं १८७० च्या सुमारास तो व्यापारांत आणला. फण्या, बाहुल्या, चित्रपटाच्या पट्ट्या, टेबल-टेनिसचे चेंडू असे नाना प्रकार त्याचे झाले. तशाच सायकलच्या मुठीहि झाल्या. कॉव्हेंट्रीजवळच्या वोल्स्टन येथील ब्लूमेल यांचा कारखाना सेल्युलॉइडच्या मडगार्डांसाठीं आणि पंपांसाठीं नांवाजलेला होता. पहिल्या महायुद्धाच्या आधींपासून दुसऱ्या महायुद्धाच्या नंतरपर्यंत इंग्लिश सायकलींवर सेल्युलॉइडच्या मुठी फार आढळतात. त्या बहुधा काळ्या, गुळगुळीत, आंतून पोकळ आणि वजनाला अगदीं हलक्या असतात.

त्यांच्या जोडीला रबराच्या मुठी आल्या. लेस्टर येथील कारखान्याची 'जॉन बुल' ही छाप आणि डनलॉपची छाप सायकलवाल्यांना परिचित होती. रबराच्या मुठीवर खांचा, ठिपके किंवा कंगोरे साच्यांतच उठविलेले असत व पुष्कळदां छापहि त्यांतच उठे. १९४२ च्या आरंभीं मलाया जपानच्या हातीं गेल्यावर रबराची टंचाई पडली. युद्ध संपल्यावर रबर पुन्हां मिळूं लागलें. परंतु तोंवर मऊ प्लॅस्टिक दाराशीं येऊन उभें राहिलें होतें. १९५० नंतरच्या दशकांत त्या प्लॅस्टिकच्या रंगीबेरंगी मुठी येऊं लागल्या आणि हळूहळू त्यांनीं रबराला व सेल्युलॉइडला बाजूस सारलें. ज्याला आपण पी. व्ही. सी. म्हणतों तें हेंच. आमचें जळगांव आज त्याच्या नळ्यांसाठीं देशभर ओळखलें जातें, तेव्हां त्याची ओळख मीं करून द्यावयास नको.

शिंग, एबोनाइट, बूच, सेल्युलॉइड, रबर, प्लॅस्टिक, असा हा क्रम आहे. परंतु हा क्रम पेशव्यांच्या वंशावळीसारखा समजूं नये. तेथें एक गेला म्हणजे दुसरा गादीवर येई. येथें दुसरा येऊन बसल्यावरहि पहिला वीस-वीस वर्षें घरांत वावरतो. १९३० ते १९४० या काळांत सेल्युलॉइडची मूठ आणि रबराची मूठ एकाच दुकानांत शेजारीं शेजारीं टांगलेली असे. म्हणून पदार्थावरून आपल्याला एवढेंच म्हणतां येतें कीं, ही मूठ अमुक काळाच्या आधींची असूं शकत नाहीं. ती अमुक सालचीच आहे असें म्हणतां येत नाहीं.

आमच्या भागांत आणखी एक अडचण येते. मुंबईहून निघालेला लोहमार्ग जळगांव-भुसावळवरून गेला, १९०० च्या सुमारास चाळीसगांवाहून धुळ्यास फांटा आला आणि सुरतेहून अमळनेरमार्गें ताप्ती व्हॅली रेल्वे जळगांवास मिळाली. विलायती माल मुंबई बंदरांत उतरून या वाटांनीं आंत येण्याची सोय अशी झाली. सायकल एकदां विकत घेतली म्हणजे ती जन्मभराची. परंतु तिच्या मुठीचें आयुष्य येथें फार थोडें. वैशाखांत आमच्याकडे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. त्या उन्हांत भिंतीला टेंकून उभ्या असलेल्या सायकलचें रबर चिरतें, सेल्युलॉइड आक्रसून फांटतें, बूच कोरडें होऊन झडतें; आणि पावसाळ्यांत काळी माती लागलेले हात मुठीच्या खांचा भरून काढतात. मग शेतकरी काय करणार ? माझ्या लहानपणीं मीं मुठींच्या जागीं जुन्या ट्यूबचे तुकडे, सुतळीचे वेढे, चिंध्या आणि चामडें गुंडाळलेलें पाहिलें आहे. पुढें प्लॅस्टिकच्या झालरी लोंबणाऱ्या मुठी निघाल्या, त्यांचा आम्हां मुलांना मोह पडे. तेव्हां खानदेशांतल्या जुन्या सायकलवर कारखान्याची पहिली मूठ शाबूत मिळणें हा योगच म्हणावयाचा.

येथें मला इतिहासाचार्य राजवाड्यांचें स्मरण झालें. विश्वनाथ काशीनाथ राजवाडे १९२६ च्या ३१ डिसेंबरला धुळ्यासच वारले, आणि १९२७ सालीं त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ तेथें स्थापन झालें. मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें गोळा करण्यासाठीं त्या पुरुषानें गांवोगांव पायपीट केली, दप्तरांचीं रुमालें सोडलीं, आणि अस्सल कागद कोणता, नक्कल कोणती, याचा निवाडा करण्यांत आयुष्य घालविलें. जुन्या कागदाचा अभ्यासक कागद पाहतो, शाई पाहतो, वळण पाहतो, शिक्का पाहतो. आणि या सर्वांचा मेळ बसला तरच बोलतो. सायकल हाहि एक कागदच आहे असें मीं मानलें, आणि मुठीला पांच प्रश्न विचारावयाचें ठरविलें.

पहिला प्रश्न : तूं कशाची आहेस ? मूठ स्वच्छ पुसून कोरड्या अंगठ्यानें जोरानें घांसावी, ती ऊन झाली म्हणजे हुंगावी. कापराचा वास आला तर सेल्युलॉइड. गंधकाचा आला तर एबोनाइट. शिंगांत आंत रेषा दिसतात आणि उजेडापुढें धरलें तर पातळ कडा किंचित् पारदर्शक भासतात. रबराला बारीक चिरा पडतात. जुनें मऊ प्लॅस्टिक उलट चिकट होतें. तुकडा जाळून वास घेण्याची एक पद्धत आहे. ती मात्र कोणीं करूं नये. सेल्युलॉइड भडकन् पेटतें व हात भाजतो.

दुसरा प्रश्न : तुझें माप काय ? इंग्लिश वळणाच्या साध्या सायकलच्या हॅण्डलची नळी बाहेरून पाऊण इंच आणि एक अष्टमांश, म्हणजे सात अष्टमांश इंच जाड असते. मिलिमीटरांत तें माप २२ च्या किंचित् वर भरतें. साधन नसेल तर नळीभोंवतीं दोरा गुंडाळून मोजावा. तो पावणेतीन इंच भरला पाहिजे. मूठ सैल असून आंत कागद किंवा कापड भरलेलें आढळलें, तर ती दुसऱ्या गाडीवरून आली असण्याचा संभव फार.

तिसरा प्रश्न : तुझे शेजारी कोण ? मूठ एकटी नसते. तिच्या शेजारीं ब्रेकचा दांडा असतो. दांड्याच्या ब्रेकच्या सायकलला फार जाड मूठ बसविली तर ब्रेक ओढतांना बोटें अडकतात. अशी मूठ मूळची नसते. हॅण्डलवरचा मुलामाहि पाहावा. १९३० च्या सुमारापर्यंत सायकलींना निकेलचा मुलामा असे. पुढें क्रोमियमचा आला. निकेलची झांक किंचित् पिवळट असते, क्रोमियमची निळसर. परंतु क्रोमियमच्या खालीं बहुधा निकेलच दिलेलें असतें. वरचा थर झिजला म्हणजे खालचें पिवळट निकेल उघडें पडतें व पाहणारा फसतो. म्हणून मुलामा पाहावयाचा तो झिजलेल्या ठिकाणीं नव्हे, झांकलेल्या ठिकाणीं.

चौथा प्रश्न : तुझ्यावर काय लिहिलें आहे ? 'मेड इन इंग्लंड' कीं 'मेड इन इंडिया' ? यांतहि सावध राहावें. हिंदुस्थानांत सायकली स्वातंत्र्यानंतरच होऊं लागल्या असा समज आहे, तो खरा नाहीं. मुंबईची हिंद सायकल्स १९३९ सालची आहे. उलट, विलायती नांव दिसलें म्हणजे माल विलायतचाच, हेंहि खरें नाहीं. १९५० च्या पुढेंमागें आसनसोलला सेन-रॅले आणि मद्रासेस टी. आय. सायकल्स यांचे कारखाने उभे राहिले व रॅले, हर्क्युलिस हीं इंग्रजी नांवें देशी गाड्यांवर आलीं. सोनपतची ॲटलस १९५१ ची, लुधियान्याची हीरो १९५६ ची. म्हणून सायकलच्या पुढच्या नळीवरील बिल्ल्यावर नुसतें नांव वाचून थांबूं नये, गांवहि वाचावें. नगरपालिकेच्या कराचा पत्र्याचा बिल्ला गाडीला अडकलेला असला, तर त्यावरील साल हें कर भरल्याचें साल असतें, गाडीच्या जन्माचें नव्हे.

पांचवा प्रश्न सर्वांत मोलाचा : तुझ्या खालीं काय दडलें आहे ? मूठ ज्या भागाला झांकते, तेथें ऊन, पाऊस आणि हात पोंचत नाहींत. म्हणून मूठ काढल्यावर नळीवर तिची हद्द स्पष्ट दिसते. आजच्या मुठीपेक्षां ती हद्द लांब किंवा आंखूड असेल, तर आधीं तेथें दुसरी मूठ होती असें समजावें. हा पुरावा पुसून टाकण्यास घांसकागदाचे चार हात पुरे होतात. माझ्या सायकलच्या उजव्या बाजूला तेंच झालें होतें.

डावी बाजू मात्र शाबूत होती. धुळ्याच्या त्या कारागिरांनीं मुठीच्या कडेखालीं बोथट केलेला स्पोक हळूच सरकविला, साबणाचें पाणी आंत सोडलें, आणि ती मूठ पिळत पिळत न फाडतां काढली. अर्धा तास लागला. त्यांनीं घाई केली नाहीं व मजुरीहि घेतली नाहीं. मूठ रबराची होती. लांबी साडेचार इंच. अक्षरें झिजून गेलेलीं. नळीवर मात्र दोन हद्दी होत्या. एक साडेचार इंचांवर, ती या मुठीची. दुसरी पांच इंचांवर, पुसट, जुन्या गंजाची. त्या दोहोंच्या मधल्या पट्टींत कांहीं काळे, पातळ, कडक कपचे चिकटलेले होते. त्यांतला एक मीं अंगठ्यानें घांसला आणि कारागिरांच्या नाकापुढें धरला. "कापूर," ते म्हणाले. मुठीखालचा मुलामा स्वच्छ होता, आणि त्याची झांक निळसर होती.

आतां यावरून काय सिद्ध झालें ? हॅण्डलला क्रोमियमचा मुलामा आहे, म्हणून तें १९३० च्या सुमाराच्या आधींचें नाहीं. त्याची आधींची मूठ सेल्युलॉइडची होती. ती फुटल्यावर रबराची बसविली गेली. एवढें खरें. सायकल १९३६ सालीं होती काय ? असूं शकेल, यांतलें कांहींच त्याच्या विरुद्ध नाहीं. परंतु ती १९५२ सालची असली, तरीहि हीं सर्व लक्षणें तशींच जुळतात. दांतेरी चाकावर बगळ्यांचीं तीन डोकीं आहेत, त्यावरून रॅलेचें घराणें कळतें. पण पुढचा बिल्ला केव्हांच हरवला असल्यामुळें नॉटिंगहॅम कीं आसनसोल हें कळत नाहीं. शिवाय हॅण्डल तरी त्याच गाडीचें कशावरून ? तेंहि बदलतां येतें.

याच ठिकाणीं मला माझ्या पहिल्या भीतींतली चूक उमगली. मूठ मूळची नाहीं हें ऐकून मी घाबरलों होतों कीं, सायकलच खोटी ठरली. तसें नाहीं. सगळ्यांत नवा भाग गाडीच्या शेवटच्या दुरुस्तीचा काळ सांगतो, जन्माचा नव्हे. आणि सगळ्यांत जुना भागहि गाडीचा जन्म सांगतोच असें नाहीं, कारण जुना भाग नव्या गाडीवर चढवितां येतो. मुठीची साक्ष खरी असते, परंतु ती मुठीपुरतीच असते. कज्जांत एखाद्या साक्षीदाराला जें ठाऊक नाहीं तें त्याच्या तोंडीं घालूं नये, तसेंच हें आहे.

मग योग्य मूठ कोणती ? कारखान्यानें पहिल्या दिवशीं बसविली तीच योग्य, असें संग्राहक मंडळी म्हणतात, आणि संग्रहालयाच्या दृष्टीनें त्यांत तथ्य आहे. पुण्यास कर्वेनगरांत विक्रम पेंडसे यांचें सायकलींचें संग्रहालय आहे. तेथें गाडी आणि तिचे भाग यांचा मेळ घालण्याची केवढी चिकाटी लागते तें पाहावयास मिळतें. परंतु आमच्या सायकलची सेल्युलॉइडची मूठ आजोबांच्या हातची, आणि रबराची मूठ वडिलांच्या हातची. त्या डाव्या रबराच्या मुठीवर आंतल्या अंगाला एक खोलगट जागा आहे. माझा अंगठा तेथें बसत नाहीं. वडिलांचा बसत असे. ती काढून तिच्या जागीं सेल्युलॉइडची बरोबर काळाची मूठ बसविली, तर सायकल कारखान्याला अधिक इमानी होईल व घराला कमी. म्हणून माझें मत असें झालें कीं, वापराच्या काळांत बसलेली जुनी मूठ हीहि त्या सायकलची खरीच मूठ आहे. फक्त तिला पहिली म्हणूं नये.

उजव्या हाताला कांहीं तरी बसविणें भाग होतें. तांबडी मूठ मीं काढली. हुबेहूब जुन्यासारखी दिसणारी नवी मूठ हल्लीं मिळते, आणि अशा मुठीवर धूळ चोळून ती जुनी भासवितांहि येते. नक्कल करणें हें पाप नव्हे. नकलेला अस्सल म्हणणें हें पाप. मीं साधी काळी रबराची मूठ घेतली, आणि बसविण्यापूर्वीं तिच्या आंतल्या बाजूस सुईनें साल कोरलें. पुढें कोणी ती काढील तेव्हां त्याची फसवणूक होऊं नये.

ज्यांच्या घरीं अशा मुठी असतील त्यांना दोन शब्द सांगतों. रबराच्या मुठीला तेल किंवा रॉकेल लावूं नये. त्यानें रबर फुगतें व गळतें. ओल्या फडक्यानें पुसून सांवलींत ठेवावी. सेल्युलॉइडची मूठ दिव्यापासून, चुलीपासून आणि विडीपासून दूर ठेवावी. बंद डब्यांत कोंडूं नये. ती बसवावयाची असेल तर ऊन पाण्यांत धरून मऊ करावी, हातोड्यानें ठोकूं नये. बुचाची मूठ भिजवूं नये. आणि कोणतीहि मूठ काढण्यापूर्वीं ती जागच्या जागीं मोजून, डावी कोणती व उजवी कोणती तें दोऱ्याला चिठ्ठी बांधून नोंदवावें. काढलेली मूठ फाटकी असली तरी टाकूं नये.

शाळेच्या प्रदर्शनासाठीं मीं पाटी नव्यानें लिहून दिली. ती अशी : 'एका शिक्षकाच्या घरची सायकल. हॅण्डल १९३० च्या सुमारानंतरचें. त्याची आधींची मूठ सेल्युलॉइडची होती. ती नाहींशी झाली. डावी मूठ रबराची, जुन्या दुरुस्तीची. उजवी मूठ नवी. ही सायकल १९३६ सालीं फैजपूरला गेली होती, अशी घरांत कथा आहे.' मुख्याध्यापकांना ती थोडी निस्तेज वाटली. "गुरुजी, 'कथा आहे' एवढें गाळूं या का ?" असें त्यांनीं मोठ्या आदरानें विचारलें. मीं गाळूं दिलें नाहीं. आजोबा फैजपूरला गेले असतील यावर माझा आजहि विश्वास आहे. परंतु माझा विश्वास हा पुरावा नव्हे, आणि शाळेच्या भिंतीवर तर तो पुरावा म्हणून मुळींच टांगूं नये. जीं मुलें माझ्या वर्गांत ती गोष्ट निःशंक सत्य म्हणून ऐकून गेलीं, तीं आज मोठीं झालीं आहेत. त्यांपैकीं कोणी हें भाषण ऐकत असेल, तर त्यानें ही दुरुस्ती आपल्या गुरुजींकडून स्वीकारावी.

आणि श्रोते हो, आपल्या माळ्यावर किंवा गोठ्यांत एखादी जुनी सायकल असेल, तर ती रंगवावयास देण्यापूर्वीं एकदां तिच्या मुठी हातांत धरून पाहा. माझ्या उजव्या मुठीचें जें झालें तें आपल्या मुठीचें होऊं देऊं नका.